गाडीतल्या एलईडी स्विचला रेझिस्टर कोणता लावायचा? दुकानदारासाठी सोपा हिशोब



कार ॲक्सेसरीजचं छोटं दुकान टाकायचं ठरवलंय? मग फॉग लॅम्प, जादा हॉर्न, आतली लाईट ही कामं पहिल्याच आठवड्यात येणार. आपल्या सोयगाव-फर्दापूर भागात अजिंठा लेणीला पर्यटक नेणाऱ्या गाड्या आहेत, कापूस-मक्याच्या पिकअप आहेत, ट्रॅक्टर आहेत. जादा स्विच बसवला की गिऱ्हाईक म्हणतं, "त्यात लाईट लागली पाहिजे."

ती लाईट महिन्याभरात गेली, तर डॅशबोर्ड पुन्हा उघडा, आणि तोही फुकटात. एक-दोन रुपयांच्या रेझिस्टरपायी तुमचा तास जातो आणि गावात नावही. म्हणून हा हिशोब वहीत लिहून घ्या.

१२ नाही, १४.४ व्होल्ट धरा

बॅटरीवर १२ लिहिलेलं असतं. पण इंजिन चालू झालं की अल्टरनेटर चार्जिंग करतो आणि व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत जातं. हिशोब नेहमी वरच्या आकड्यावर करायचा.

सूत्र एकच: गाडीच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि उरलेल्याला करंटने भागा. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेते, निळी-पांढरी ३.२ च्या आसपास. साध्या एलईडीची मर्यादा बहुतेक वेळा २० मिलिअँप असते, पण स्विचच्या खुणेला १० भरपूर झाले.

लाल: (१४.४ − २) ÷ ०.०१० = १२४० ओहम. बाजारात १२४० सहज मिळत नाही. जवळचा नेहमीचा आकडा १२००, म्हणजे १.२ के. पट्टे तपकिरी, लाल, लाल.

निळी: ११२० ओहम येतात, तिथेही १.२ के चालतो. पण रात्री निळा उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यात खुपतो. २.२ के लावा, करंट ५ मिलिअँपवर येतो आणि गिऱ्हाईक खूश.

४७० ओहम का फसवतो?

१२ व्होल्ट आणि २० मिलिअँप धरलं की उत्तर ५०० येतं, म्हणून बरेच जण ४७० लावतात. इंजिन बंद असताना लाईट झकास दिसते. इंजिन चालू झालं की लाल एलईडीतून २६ मिलिअँप जातात आणि रेझिस्टरवर ०.३३ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा रेझिस्टर ते सोसत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि उन्हात उभी गाडी!

१.२ के लावला तर तीच उष्णता ०.१३ वॅट. पाव वॅटचा पुरतो, तरी मी अर्ध्या वॅटचा ठेवायला सांगेन. फरक नाममात्र आहे.

ट्रक-बस २४ व्होल्टची असेल तर २८.४ धरा. लाल एलईडीला २.७ के आणि अर्धा वॅटच हवा.

वायरिंग करताना

१. स्विचवर "१२ व्होल्ट" छापलंय का ते आधी बघा. अशा तयार स्विचमध्ये बहुधा रेझिस्टर आतच असतो. बाहेरून आणखी लावला तर लाईट मंद होईल.

२. रेझिस्टर फक्त एलईडीच्या वायरमध्ये घाला, फॉग लॅम्पच्या वायरमध्ये कधीच नाही. ५५ वॅटच्या दिव्याला साडेचार अँपच्या वर करंट लागतो. ती लाईन रिले आणि फ्यूजमधूनच न्या.

३. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. लांब पाय प्लसकडे. रेझिस्टर प्लसला लावला काय आणि मायनसला लावला काय, फरक नाही.

४. पिनांचा अंदाज बांधू नका, मल्टीमीटरने तपासा. सोल्डर करून वरून स्लीव्ह चढवा; नुसती पीळ मारून टेप गुंडाळली तर खड्ड्यांच्या रस्त्यावर ती सुटते.

५. गाडी देण्याआधी इंजिन चालू करून करंट मोजा आणि तो आकडा बिलावर लिहा.

ही शेवटची सवय सोडू नका. बिलावर मोजलेला आकडा असला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो आणि पुढे तक्रार आलीच, तर कुठून तपासायचं हे तुम्हाला ठाऊक असतं.

सुरुवातीला १ के, १.२ के, २.२ के आणि २.७ के, अर्ध्या वॅटचे, प्रत्येकी शंभर घेऊन डब्यांवर नावं टाकून ठेवा. बाकी सगळं सामान नंतर. चला, कामाला लागा!