पाचट जाळू नका, जमिनीवर पांघरा

ऊसतोडीची टोळी पुढच्या शेतात गेली की मागे पाचटाचा थर उरतो. बारडोली, कामरेज, ओलपाड या भागांतले पुष्कळ शेतकरी त्याला काडी लावून मोकळे होतात. शेत लवकर साफ होते, हे खरे. पण धुराबरोबर काय जाते?

एक हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. त्यात अंदाजे ४० किलो नत्र असते. जाळल्यावर त्यातले बहुतेक हवेत जाते, आणि मग तेच नत्र आपण युरियाच्या गोणीतून विकत आणतो. शिवाय वरच्या थरातले उपयोगी जीवजंतू होरपळतात आणि धुराने म्हाताऱ्यांचा व दमेकऱ्यांचा जीव घुसमटतो.

तेच पाचट जमिनीवर पसरले तर त्याचे आच्छादन होते. आपली काळी जमीन उन्हात भेगाळते व ओल उडते. आच्छादनाखाली ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते, तण दबते. पाचट कुजले की सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळे येतात आणि जमीन भुसभुशीत होते.

खोडव्यात हे असे करावे :

१. हिरवे वाढे जनावरांना घालावे. बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत सारखे पसरावे, म्हणजे कोंब मोकळे फुटतील. उंच राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटावेत.

२. दर टन पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पाचट कुजविणारे जीव आधी स्वतः नत्र खातात. हा युरिया चुकवला तर ऊस पिवळा पडतो, आणि दोष मात्र पाचटाला मिळतो.

३. पुढची खते पाचटावर फेकू नयेत. बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीने भोक पाडून खत द्यावे व भोक बुजवावे.

भाजीपाला किंवा केळीला भाताचा पेंढा, सुके गवत, केळीची पाने चालतात. थर चार बोटे पुरे. खोडाजवळ थोडी जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड सडते. बी धरलेले गवत वापरू नये.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. काकरापार आणि उकाईच्या कालव्यांचे पाणी आल्यापासून कित्येक ठिकाणी जमिनी पाणथळ व खारपट झाल्या आहेत. अशा शेतात आधी निचऱ्याचे चर काढावेत, मग आच्छादन करावे. साचलेल्या पाण्यावर पाचट घातले तर मुळे कुजतात.

दुसरी गोष्ट आरोग्याची. आच्छादनाखाली उंदीर दडतात. सुरत, नवसारी, वलसाड भागांत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून तो पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतो. म्हणून बांध स्वच्छ ठेवा, गमबूट घाला, जखम झाकून ठेवा. चिखलात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही दिसले तर घरी थांबू नका. लगेच आरोग्य केंद्रात जा आणि शेतात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एकदम सगळे शेत नको. यंदा चार सऱ्यांवर पाचट ठेवा, शेजारच्या चार नेहमीसारख्या ठेवा. पाण्याच्या पाळ्या, खुरपणीची मजुरी आणि उसाचे वजन वहीत लिहून ठेवा. पुढच्या तोडीला काडी लावायची की नाही, हे ती वहीच सांगेल.