नाचणीच्या मुळावरची बुरशी: स्फुरद येतो कुठून?

‘मायकोरायझा पिकाला स्फुरद देते’ असे उत्तरपत्रिकेत लिहिलेत तर गुण मिळतीलही, पण त्या ‘देते’ शब्दात घोटाळा आहे. रायझोबियम हवेतला नत्र स्थिर करून पिकाला खरोखर नवा नत्र मिळवून देतो. मायकोरायझाची बुरशी तसे काही करत नाही. स्फुरद आधीपासून जमिनीतच असतो. मूळ जिथे पोहोचत नाही तिथे ही बुरशी पोहोचते.

बंगळूरु परिसरातली लाल माती उदाहरणादाखल घ्या. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. फॉस्फेट याच ऑक्साइडांना, तसेच ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटून बसतो. मातीतल्या पाण्यात विरघळलेला भाग अगदी थोडा, बहुधा लिटरमागे काही मायक्रोमोल. नायट्रेट पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येते. फॉस्फेट मात्र विसरणाने, मुंगीच्या पावलांनी सरकतो. त्यामुळे मूळ जवळचा स्फुरद शोषून घेते आणि त्याच्याभोवती एक-दोन मिलिमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो. पट्ट्यापलीकडे स्फुरद आहे, पण मुळाला तो मिळत नाही.

बुरशी हा पट्टा ओलांडते. नाचणी, तूर, सोयाबीन, मिरची अशा बहुतेक पिकांच्या मुळांत ॲर्बस्क्युलर प्रकारची मायकोरायझा असते. तिचे तंतू मुळाच्या कॉर्टेक्समधील पेशींत शिरून झाडासारखे फाटे फोडतात. त्यांना ॲर्बस्क्यूल म्हणतात. लक्षात घ्या, इथे पेशीभित्तिका ओलांडली जाते, पण पेशीपटल फाटत नाही. ते फाट्यांभोवती वेढून राहते आणि देवाणघेवाण त्याच्या आरपार होते. तंतूंचे दुसरे टोक मातीत काही सेंटिमीटरपर्यंत जाते. हे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असल्याने मूळ शिरू शकत नाही अशा छिद्रांतही शिरतात. गोळा केलेला फॉस्फेट पॉलीफॉस्फेटच्या साखळ्यांच्या रूपात आत वाहून आणला जातो.

हे फुकट नाही. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या कार्बनचा साधारण ४ ते २० टक्के भाग शर्करा आणि मेदाम्लांच्या रूपात बुरशीला देते. म्हणूनच जमिनीत विद्राव्य स्फुरद भरपूर असेल तर वनस्पती हा व्यवहार आखडता घेते. सुपर फॉस्फेटची भरघोस मात्रा देऊन वर मायकोरायझाची पिशवीही टाकणे म्हणजे दोन्हीकडून पैसे घालवणे. मोहरी, कोबी, पालक यांची मुळे तर ही भागीदारी करतच नाहीत. त्यांना ती विकणारा भेटला तर सावध राहा.

बंगळूरुच्या कृषी विज्ञान विद्यापीठात डी. जे. बाग्यराज यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. त्यांनी सहकाऱ्यांसह १९७९ साली प्रसिद्ध केलेला सोयाबीनचा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. स्फुरद कमी असलेल्या शेतात रायझोबियम आणि मायकोरायझा दोन्ही दिलेल्या झाडांच्या मुळांवर गाठी अधिक चांगल्या आल्या. कारण उघड आहे: नत्र स्थिर करायला एटीपी भरपूर लागते आणि एटीपीसाठी स्फुरद लागतो.

अलीकडे याच विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाबरोबर नाचणी-तूर आंतरपिकावर काम झाले. दक्षिण कर्नाटकात ही जोडी जुनीच. तुरीची मुळे खोल, नाचणीची उथळ. या संशोधनातील कुंड्यांच्या प्रयोगांत, ड्यूटेरियमने खूण केलेल्या पाण्याचा माग काढल्यावर, तुरीने खालून वर आणलेले पाणी नाचणीपर्यंत पोहोचायला बुरशीचे सामाईक जाळे मदत करते असे दिसले. स्फुरदाशी याचा काय संबंध? माती सुकली की फॉस्फेटचे विसरण आणखी मंदावते, म्हणून वरच्या थरातली थोडी ओलही मोलाची. अर्थात कुंडी म्हणजे शेत नव्हे, आणि तूर नाचणीशी पाण्यासाठी स्पर्धाही करते.

ही बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रात्यक्षिकात नाचणीची बारीक मुळे धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करा, आम्लाने धुवा आणि ट्रायपॅन ब्लूने रंगवा. सूक्ष्मदर्शकाखाली निळे तंतू आणि ॲर्बस्क्यूल दिसतील. सुपर फॉस्फेट दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यातली मुळे शेजारी ठेवून किती टक्के लांबी व्यापली आहे ते मोजा.