पाचारण येईल तिथं शाळा

मे महिन्यात, पदवीदानाच्या दिवशी, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या न्यू उल्म गावी मार्टिन लूथर कॉलेजची मुलं-मुली आईवडिलांसह जमतात. एकेक नाव पुकारलं जातं आणि त्यापाठोपाठ गावाचं नाव. आपण कुठल्या शाळेत शिकवणार हे त्यांना तेव्हा कळतं. आपल्याकडे डी.एड. झालेली पोरं पवित्र पोर्टलच्या याद्यांकडे डोळे लावून बसतात, त्यातलीच ही धाकधूक. फरक असा की तिथं यादी ठरवतात पंथाचे पदाधिकारी, आणि नेमणुकीला नोकरी न म्हणता पाचारण म्हणतात: देवानं मंडळीच्या हातून घातलेली साद.

न्यू उल्म हे 1854 साली जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं गाव. तिथं मिनेसोटा सिनॉड या लूथरन चर्चसंघटनेनं 1884 मध्ये हे विद्यालय काढलं. 1995 साली वॉटरटाउनचं, धर्मगुरू घडवणारं नॉर्थवेस्टर्न कॉलेज त्यात विलीन झालं. आता ते विस्कॉन्सिन इव्हँजेलिकल लूथरन सिनॉड चालवते, मुख्यतः स्वतःच्या शाळांना शिक्षक आणि चर्चना पाळक मिळावेत म्हणून.

शाळा हवीच हा आग्रह खुद्द धर्मसुधारक मार्टिन लूथरचा. 1524 मध्ये त्यानं जर्मन नगरसभासदांना शाळा काढा म्हणून खुलं पत्र लिहिलं. 1530 मध्ये मुलांना शाळेत ठेवा असं पालकांना बजावताना तो म्हणाला की प्रवचनाचं काम सोडावं लागलं तर मला शाळामास्तर व्हायला आवडेल. मुलगा शिकून काय करणार, पोटाला लागेल असा धंदा शिकू दे, ही तेव्हाच्या पालकांची तक्रार होती. ती अजून जुनी झालेली नाही.

तरुणांना या वाटेवर आणण्याची तयारी कॉलेजच्या आधीच सुरू होते. वॉटरटाउन आणि सॅगिनॉ इथल्या सिनॉडच्या माध्यमिक शाळा त्यासाठीच आहेत. कॉलेजातही पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना खऱ्या वर्गात नेऊन बसवतात. सगळ्यात जास्त पटवतं ते मात्र एखाद्या शिक्षकानं मुलीला बाजूला घेऊन ‘तू छान शिकवशील’ म्हणणं, असं मला वाटतं.

काम कसं असतं? सकाळी स्तोत्र आणि प्रार्थना, मग बायबलचा पाठ, लूथरच्या 1529 सालच्या लहान प्रश्नोत्तरीचं पाठांतर, मग अपूर्णांक. लहान गावात दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत. तिसरी गणित सोडवत असताना चौथीचं वाचन घ्यायचं. बास्केटबॉलचा संघ आणि रविवारी ऑर्गनही पुष्कळदा त्याच शिक्षकाच्या गळ्यात. पगार बेताचा. पुढं दुसऱ्या शाळेकडून पाचारण आलं तर काही आठवडे विचार, प्रार्थना, दोन्हीकडच्या लोकांशी बोलणं, आणि मग स्वीकार किंवा नकार. स्त्रियांना या सिनॉडमध्ये धर्मगुरू होता येत नाही. शिक्षिका होता येतं.

तरुणांना बोलावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. मिशिगनमध्ये मिझुरी सिनॉड या दुसऱ्या लूथरन पंथाच्या होझाना-टेबर शाळेत पाचारण झालेल्या एका शिक्षिकेला आजारपणाच्या रजेनंतर वाद होऊन काढून टाकलं गेलं. ती दाद मागायला गेली. 2012 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं शाळेची बाजू घेतली: ही शिक्षिका धर्मसेवक आहे, आणि आपले धर्मसेवक कोण हे चर्च ठरवील, त्यात भेदभावविरोधी कायदा आड येणार नाही. दिवसातला जेमतेम पाऊण तास ती धार्मिक काम करायची, बाकी वेळ नेहमीचे विषय. पाचारणानं मान मिळतो, पण कामगार म्हणून असलेलं संरक्षण काही प्रमाणात सोडावं लागतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हे आधीच सांगितलं पाहिजे, आणि सांगूनही तो आला तर त्याचं येणं पक्कं समजावं.

तूर्त शाळांची मागणी जास्त आणि पदवीधर कमी. मे महिन्यातली यादी वाचून संपली तरी काही वर्ग शिक्षकावाचून राहतात.