अंगठा, काटा आणि रिंग रोड

ऑक्टोबर २०२० मध्ये बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर, सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम, खांब रोवून सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली गेली. त्याला आता पाच वर्षं उलटून गेली. पुढच्याच वर्षी मेट्रोच्या निळ्या मार्गिकेचं काम सुरू झालं आणि पट्टी नाहीशी झाली; त्याआधीच मोटारींनी बरेच खांब लोळवले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूच्या महापालिकेचे पाच भाग झाले, आमचा महादेवपुरा पूर्व महापालिकेत गेला. ऑफिसांवरच्या पाट्या बदलल्या. सायकलची पट्टी मात्र कुणाच्याच खात्यात सापडत नाही. तरी सोसायटीत नवी सायकल घेणारे अजून भेटतात आणि हटकून विचारतात: हवा मोजायला गेज कुठलं घेऊ?

हा प्रश्न आमच्या पुण्यातल्या पिढीला कधी पडलाच नाही. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखंही नाही. काळी सायकल, वॉलट्यूबचा व्हॉल्व्ह, पायाखाली दाबून धरायचा पंप, आणि शेवटी टायरवर अंगठा. त्या व्हॉल्व्हमधून हवा आत जाते, सुई दाबून बाहेर काढता येत नाही, म्हणजे गेज असतं तरी दाब कळला नसता. मोजायची सोय नव्हती म्हणून कोणी मोजत नव्हतं. पंक्चरवाल्याच्या अंगठ्याचे गोडवे गाणारे लेख मी पुष्कळ वाचलेत, पण जाड टायर चाळीस पीएसआयला आणि बारीक टायर ऐंशीला अंगठ्याखाली सारखेच टणक लागतात.

खरी गंमत २०१० ते २०२० या दशकात झाली. इथे बंगळुरूत आयटीपीएल या टेक पार्कच्या ऑफिसांतले लोक एकाएकी गिअरच्या सायकली घेऊ लागले. सर्जापूर रोडवरच्या डेकॅथलॉनमध्ये शनिवारी जत्रा. रविवारी पहाटे अंधारातच ओल्ड मद्रास रोडला लागायचं, होसकोट्याला दम बिर्याणी चापायची आणि ऊन चढायच्या आत परत. अंगात जास्तच रग असली तर नंदी हिल्स. आमच्या त्या टोळीत अर्धे मराठी, उरलेले तमिळ, बंगाली, मल्याळी, आणि रस्ता विचारण्यापुरता तरी सगळ्यांना कन्नड यायचं.

या सायकलींबरोबर प्रेस्टा व्हॉल्व्ह आला, पेन्सिलीसारखा बारीक, टोकाला पितळी चक्री असलेला. पेट्रोल पंपाची नळी त्याला बसत नाही, मध्ये पितळी टोपी लावावी लागते. ती खिशातून काढेपर्यंत मागची मोटार हॉर्न वाजवायची आणि पंपावरचा पोरगा हात हलवायचा, "मुंदे होगी," म्हणजे पुढे व्हा. मोटारीसाठी बनवलेलं यंत्र सायकलच्या एवढ्याशा ट्यूबपुढे गडबडतंच. म्हणून घरी उभा पंप आला आणि गेजचा शोध सुरू झाला.

इथे एक जुना हिशेब चुकता करायचाय. टोळीतले गुरुजी टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडा हाच खरा आकडा मानायचे. १२० पीएसआय! हाडं खिळखिळी झाली तरी वेग वाढला असं वाटायचं. खरं तर सायकलींचे जाणकार फ्रँक बर्टो यांनी, वजनाखाली टायर साधारण पंधरा टक्के दबला पाहिजे या हिशेबाने, कुठल्या वजनाला आणि रुंदीला किती दाब हे कोष्टकात मांडलं होतं. ते तेव्हाही वाचायला मिळत होतं. टूर द फ्रान्सचे शर्यतवीरही पुढे तेवीस मिलीमीटरवरून पंचवीस, मग अठ्ठावीसवर गेले. आमचे गुरुजी एक दिवस रुंद टायर लावून आले आणि १२० हा आकडा आपण कधी उच्चारलाच नाही अशा थाटात बोलू लागले.

गेजचंही तेच, मोठ्या आकड्याची भुरळ. उभ्या पंपाची तबकडी १६० पर्यंत असते. आत पितळेची वाकवलेली नळी, दाब वाढला की ती किंचित उलगडते आणि काटा सरकतो. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती. चूक पूर्ण तबकडीच्या दोन टक्के धरली तरी तीन पीएसआय. शंभरला ती कुणाला जाणवत नाही, पण तीस भरणाऱ्याला दहावा हिस्सा चुकतो. मोटार पार्टच्या दुकानातलं पेन्सिल गेज स्वस्त, पण ते मोटारीच्या श्रेडर व्हॉल्व्हचं. तिरकं धरलं की फुस्स होतं, आणि सायकलच्या ट्यूबमधून तेवढी हवा जाणंही महागात पडतं. डिजिटलवर दशांश दिसतो म्हणून लोक भुलतात. एका नामांकित दुकानाने मला गळ्यात मारलेलं डिजिटल गेज एकाच चाकाला लागोपाठ वेगळे आकडे दाखवायचं, वर 'सेल बदला, सर' हा सल्ला. (जाता जाता: मुंबईत ऐंशी भरून उद्यान एक्स्प्रेसने आणलेली सायकल इथे साडेएक्क्याऐंशी दाखवते. बंगळुरू नऊशे मीटर उंचावर, बाहेरची हवाच विरळ. त्यात गेजचा दोष नाही.)

मग करोना आला. ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनीच, ॲटलास या सायकल कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. त्याच सुमारास, लॉकडाऊनमध्ये, गिअरच्या सायकली मिळेनाशा झाल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी आज बेसमेंटमध्ये चाकं बसलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. आमची टोळीही पांगली. होसकोट्याला आता लोक मोटारीने जातात.

आणि रस्ता? हवा कमी असली तर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते, जास्त असली तर मनगटं बोंबलतात. ज्यांना सायकलसाठी गुळगुळीत वाटा मिळतात त्यांना दोन-चार पीएसआयची चूक परवडते, महादेवपुऱ्यात परवडत नाही.

तेव्हा नव्याने घेणाऱ्यांनो, डायल गेजच घ्या. तुमच्या व्हॉल्व्हला बसणारं, हवा थोडी थोडी सोडायचं बटण असलेलं, आणि तुमच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दुप्पट आकड्याला तबकडी संपणारं. पन्नास भरत असाल तर शंभराचं पुरे. एकदा घेतलं की तेच वापरा, दुसऱ्याच्या गेजशी ताडून पाहत बसू नका. डिजिटलचे पैसे चांगल्या टायरवर घाला.