पिता-पुत्रांनी घडविलेली गिटार

लंडनच्या पश्चिमेस असलेल्या फेल्टहॅम या उपनगरातील एका साध्या घरात ऑगस्ट १९६३ मध्ये पिता-पुत्रांनी मिळून इलेक्ट्रिक गिटार घडविण्यास प्रारंभ केला. पुत्राचे नाव ब्रायन मे. वय सोळा वर्षे. पिता हॅरॉल्ड मे सरकारच्या विमानवाहतूक मंत्रालयात आराखडे काढण्याचे काम करीत. ब्रायनला एखाद्या नामांकित अमेरिकन कंपनीची गिटार हवी होती. परंतु तिची किंमत या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. हॅरॉल्ड यांनी यापूर्वी घरचा रेडिओ व दूरचित्रवाणी संच स्वतःच जोडला होता. जे विकत घेता येत नाही ते घरी करून पाहावे, ही त्या घराची रीतच होती.

सामग्री शोधण्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. एका परिचिताच्या घरातून काढून टाकलेली, शेकोटीभोवतीची शंभर वर्षांहून जुनी महोगनी लाकडाची चौकट त्यांना मिळाली. तिच्यातून ब्रायनने गिटारची मान हाताने कोरून काढली. लाकडाला किडीने भोके पाडली होती. ती काडेपेटीतील काड्या ठोकून बुजविण्यात आली. वाद्याच्या अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड वापरले गेले व त्यावर महोगनीचा पातळ थर चढविला गेला. बोटे कोठे ठेवावीत हे दाखविणारे मानेवरील पांढरे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांचे आहेत. सुरांना हेलकावा देणाऱ्या दांड्याचे टोकही आईच्या विणकामाच्या सुईतून आले. शाळा व नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, साध्या हत्यारांनी चाललेले हे काम सुमारे दोन वर्षे पुरले. एकूण खर्च आठ पौंडांच्या आसपास आला, असे सांगितले जाते.

मात्र केवळ काटकसर हे या वाद्याचे वैशिष्ट्य नव्हे. उपलब्ध गिटारींतील एक दोष या दोघांना दूर करावयाचा होता. सुराला हेलकावा देण्यासाठी दांडा दाबला की तारा सैल होतात व दांडा सोडताच पुन्हा ताणल्या जातात. परंतु वाटेत घर्षण झाले, तर त्या मूळच्या ताणावर अचूक परतत नाहीत आणि वाद्य बेसूर होते. यावर पिता-पुत्रांनी तराजूच्या काट्यासारखा उपाय योजिला. तारा ज्या पट्टीत अडकविल्या जातात ती पट्टी त्यांनी पोलादाच्या धारदार कडेवर तोलून धरली आणि तारांच्या ओढीविरुद्ध १९२८ च्या एका जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. घोडीवरही तारांखाली लहान लहान फिरत्या चकत्या ठेवल्या. घर्षण कमी झाले आणि सूर जागेवर परतू लागला.

तारेच्या कंपनाचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा भाग म्हणजे पिकअप. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिले की तो तयार होतो. ब्रायनने हे पिकअपही प्रथम घरीच केले. त्यांचा ध्वनी चांगला होता. परंतु तार बोटाने बाजूला ओढली की आवाजात खरखर येई. चुंबकांच्या ध्रुवांची मांडणी याचे कारण होती. येथे हट्ट न धरता त्याने बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले. मात्र त्यांची जोडणी त्याने स्वतःच्या विचाराने केली. प्रत्येक पिकअपसाठी दोन बटणे ठेवली. एक तो चालू वा बंद करण्यासाठी व दुसरे त्याच्या लहरींची दिशा उलटविण्यासाठी. या सहा बटणांच्या निरनिराळ्या मेळातून एकाच वाद्यातून कधी भरदार, तर कधी बासरीसारखे तीक्ष्ण स्वर निघू लागले. लाकडाच्या रंगावरून या गिटारला पुढे ‘रेड स्पेशल’ हे नाव मिळाले.

पुत्राला वाद्य घडविण्यास हातभार लावणाऱ्या पित्याला, पुत्राने तेच उपजीविकेचे साधन करावे, हे मात्र मान्य नव्हते. ब्रायन यांनी इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्राची पदवी घेतली व ग्रहांदरम्यानच्या धुळीवर संशोधन आरंभिले. १९७४ मध्ये प्रबंध अपुरा ठेवून ते ‘क्वीन’ या वाद्यवृंदात पूर्णवेळ रमले. या वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले होते. एकुलत्या एका मुलाला शिकविण्यासाठी काटकसरीने संसार केलेल्या हॅरॉल्ड यांना हा निर्णय जिव्हारी लागला. कित्येक दिवस एकाच कामावर खाली मान घालून बसणाऱ्या या दोघांतील बोलणे दीर्घ काळ बंद झाले.

पुढे ‘क्वीन’चा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ठरला, तेव्हा ब्रायन यांनी आईवडिलांना कॉन्कर्ड विमानाने तेथे नेले. ज्या विमानाच्या यंत्रणेसाठी हॅरॉल्ड यांनी काम केले होते, त्यात बसण्याचा योग त्यांना मुलामुळे आला. कार्यक्रम संपल्यावर पित्याने मुलाचा हात हातात घेतला आणि आता आपल्याला समजले, असे मोजक्या शब्दांत सांगितले.

तीच गिटार २००२ मध्ये राणीच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर वाजली आणि आजही ती ब्रायन यांच्या हाती आहे. पित्याच्या मनातील दुसरी इच्छाही अपुरी राहिली नाही. वयाच्या साठाव्या वर्षी, २००७ मध्ये, ब्रायन यांनी बाजूला ठेवलेला प्रबंध पूर्ण करून डॉक्टरेट मिळविली. तो दिवस पाहण्यास हॅरॉल्ड हयात नव्हते.