नळ्यांवरची अक्षरं
नेदरलँड्समधल्या आल्कमार गावच्या मोठ्या चर्चमध्ये फ्रान्स कास्पर श्निटगरनं १७२५ साली ऑर्गनची फेरबांधणी पूर्ण केली आणि गावात वाद पेटला. फान हागरबेअर घराण्यानं सतराव्या शतकात घडवलेलं नावाजलेलं वाद्य बिघडवलं, असा एका पक्षाचा आरोप होता. चर्चचा वादक खेरार्डुस हाविंखा नव्या कामाच्या बाजूचा. त्यानं १७२७ मध्ये ऑर्गनचा उगम आणि वाटचाल सांगणारं पुस्तकच छापलं. विरोधकांनीही छापील उत्तरं दिली. या भांडणात दोन्ही पक्षांनी जे लिहून ठेवलं, ते आज अभ्यासकांच्या फार उपयोगी पडतं.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. तिच्यात धातूच्या पात्या कंप पावतात. चर्चमधल्या ऑर्गनमध्ये भात्याची हवा हवापेटीतून नळ्यांत शिरते, आणि बहुतेक नळ्या बासरीसारख्या तोंडाशी बोलतात. हार्लेमच्या सिंट बाव्हो चर्चमध्ये क्रिस्टियान म्युलरनं १७३८ साली पुरा केलेल्या ऑर्गनमध्ये सुमारे पाच हजार नळ्या आहेत. दहा वर्षांचा मोझार्ट १७६६ मध्ये तो वाजवून गेला.

इतकी जुनी वाद्यं या छोट्या देशात टिकली कशी? डोर्डरेख्टच्या १५७४ च्या धर्मसभेला चर्चमधलं ऑर्गनवादन बंद करायचं होतं. पण अनेक शहरांत ऑर्गनची मालकी नगराची होती आणि वादकाचा पगारही नगरच देत असे. अ‍ॅमस्टरडॅमच्या आउडे केर्कमध्ये संगीतकार स्वेलिंक वाजवायचा, तो नगराचा नोकर म्हणूनच. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीनं १९१७ साली आपल्याच चर्चमधल्या ऑर्गनच्या दर्शनी कथिली नळ्या युद्धासाठी काढून घेतल्या. नेदरलँड्स तटस्थ राहिलं, त्यामुळे तिथल्या वाचल्या. दुसऱ्या युद्धात मात्र रोटरडॅमच्या लॉरेन्स चर्चचा ऑर्गन बॉम्बहल्ल्यात गेला.

नगराच्या मालकीचा आणखी एक फायदा झाला. कथील, शिसं, कातडं, कारागिरांची मजुरी, सगळ्याचा खर्च नगराच्या वह्यांत उतरला. मार्टेन आल्बर्ट फेंटे हा अभ्यासक या दप्तरांत शिरला आणि सोळाव्या शतकातल्या डच ऑर्गनच्या इतिहासाची साधनं त्यानं १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीचा आधार म्हणजे मुख्यतः याद्या. खौडाचा वादक योआखिम हेस यानं १७७४ मध्ये आणि निकोलास आर्नोल्डी क्नोक यानं १७८८ मध्ये उल्लेखनीय ऑर्गनमधल्या स्वरमालिकांच्या, म्हणजे एकसारख्या आवाजाच्या नळ्यांच्या ओळींच्या, याद्या छापल्या. त्यांतली कित्येक वाद्यं आज बदललेली किंवा नष्ट झालेली आहेत, म्हणून या याद्यांचं मोल मोठं. तरी नुसत्या नावांवरून आवाज कळत नाही.

आवाज नळीच्या मापांत असतो. तिचा व्यास, तोंडाची रुंदी आणि उंची, पायाचं भोक, पत्र्याची जाडी, कथील-शिशाचं प्रमाण हे सगळं नोंदावं लागतं. शिवाय घडवणारा कारागीर नळीवर स्वराचं अक्षर कोरतो. त्या हस्ताक्षरावरून नळी कोणाच्या हातची, हे जाणकार ओळखतात. एकाच ऑर्गनमध्ये तीन-चार शतकांच्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या असतात, तेव्हा ही अक्षरंच खरी साक्षीदार ठरतात.

ग्रोनिंगनच्या मार्टिनी चर्चमध्ये हे प्रत्यक्षात उतरलं. तिथला ऑर्गन पंधराव्या शतकापासून वाढत गेलेला. आर्प श्निटगरनं १६९२ मध्ये त्याला बत्तीस फुटी नळ्यांचे मनोरे जोडले. विसाव्या शतकात त्याला विजेची यंत्रणा बसवली गेली आणि त्याचं जुनं रूप हरवलं. कोर एड्सकेस यांनी जुन्या नळ्यांचा बारकाईनं अभ्यास केला आणि त्यांच्या सल्ल्यानं युर्गेन आरेंड यांनी १९८४ पर्यंत तो १७४० च्या रूपात परत आणला. अभ्यास आधी झाला म्हणूनच हे जमलं.

पण परतायचं कोणत्या सालाकडे? त्याच शहरातल्या आ चर्चमध्ये या प्रश्नानं वर्षानुवर्षं काम अडवलं. तिथला आर्प श्निटगरचा ऑर्गन १७०२ मध्ये अकादमी चर्चसाठी बांधलेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो इथे हलवला आणि त्यानंतर टिम्पे व फान उकेलेन या कारागिरांनी त्यात आपापली भर घातली. श्निटगरचं मूळ रूप आणावं, की शतकांचे थर राखावेत? अखेर थर राखून तो २०११ मध्ये पुन्हा वाजू लागला. मला हा निर्णय पटतो. मूळ रूपाच्या ओढीनं टिम्पेच्या नळ्या काढल्या असत्या, तर त्या पुराव्यासकट गेल्या असत्या, आणि तसा पुरावा पुन्हा घडवता येत नाही.

१९९७ ते २०१० या काळात नेदरलँड्समधल्या १४७९ ते १९१० दरम्यानच्या ऐतिहासिक ऑर्गनांचा पंधरा खंडी कोश पूर्ण झाला. यान योंगेपीर त्याच्या संपादकांपैकी एक. आज तिथली चर्च एकामागून एक बंद होत आहेत. ग्रोनिंगन प्रांतात १९६९ पासून एक प्रतिष्ठान जुनी चर्च आपल्या ताब्यात घेऊन जपतं. आ चर्चही त्याच प्रतिष्ठानचं. जिथे असं कोणी पुढे येत नाही, तिथला ऑर्गन विकला जाण्याआधी निदान त्याच्या नळ्या मोजून झालेल्या असाव्यात.