पोराचं नाव ज्ञानकोशात कशाला?

मैत्रिणींनो, भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीत पोरानं कुणाची सायकल पळवली, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. पण दहा वर्षांनी त्याच पोरावर अक्षता टाकायला तेच गाव येतं. गाव विसरतं हो! विकिपीडियासारखा ज्ञानकोश कसा विसरणार? तिथं कुणीही लिहू शकतं, आणि मजकूर खोडला तरी जुनी प्रत बहुधा पानाच्या इतिहासात राहते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ पाहा. गुन्ह्यात सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून तो ओळखू येईल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला मनाई आहे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘ओळखू येईल’ हे महत्त्वाचं. मुंबईत ‘एक मुलगा’ म्हटलं की भागतं. वेल्ह्यात ‘अमक्या वाडीच्या किराणावाल्याचा धाकटा’ म्हटलं की झालंच की!

तुम्ही म्हणाल, १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेनं दोन तरुण जीव गेले, तिथंही नाव झाकायचं? राग मलाही आला. पण अपघात, गेलेल्यांची हकीकत, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, हे सारं मुलाचं नाव न घालता लिहिता येतंच. कायदा घटना लपवा म्हणत नाही.

तेव्हा घरातलं कुणी गावाचं पान लिहायला बसलं, तर सहज डोकावा. भाटघर धरण, राजगड, तोरणा, हवं तेवढं लिहू दे. चोरीमारीतलं नाव दिसलं, तर आधी वय विचारा.